कृपया कायमस्वरूपी यजमान निवडा

पाहुणचार कसा करावा, हे मला कुणी शिकवू नये! आमच्या विद्यापीठाच्या वायफायवर येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत, सरबराई आणि बोळवण हे सगळं मी एकट्यानं बसवलं आहे, आणि तेही कुणाला साधं पाणी न विचारता. मी तिथे संगणक केंद्रात कामाला आहे. म्हणजे होतो. ते पुढे येईलच.

आधी आमच्याकडे सगळ्या पाहुण्यांना मिळून एकच पासवर्ड होता. तो अत्यंत गुप्त होता, म्हणजे कँटीनच्या फळ्यावर चहाच्या भावाखाली खडूनं लिहिलेला असायचा. फाटकासमोरचा झेरॉक्सवाला तर पानं मोजून देताना तो तोंडी सांगायचा. पलीकडच्या इमारतीतल्या लोकांनी घरची कनेक्शनं बंद केली होती आणि ते गच्चीवर खुर्च्या टाकून आमच्या जिवावर सिनेमे बघत होते. आधीच आमचं नेटवर्क दमेकरी, त्यात हे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!

आणि एक दिवस कुलगुरूंचं चित्र गोठलं. ते ऑनलाइन बैठकीत बोलत होते आणि मध्येच थिजले. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, बोट वर. बराच वेळ ते तसेच राहिले आणि बैठकीतल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. कुलगुरूंना राग आला तो याचाच.

त्यांनी आमच्या केंद्रप्रमुखांना, म्हणजे साहेबांना, बोलावून झापलं. साहेबांनी मला बोलावून झापलं. माझ्या खाली कुणी नव्हतं, म्हणून मी कामाला लागलो.

आता माझी जागा समजून घ्या. मी कंत्राटी. दर वर्षी माझं कंत्राट संपायचं, एक दिवस मी विद्यापीठाचा कुणीच नसायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत पुन्हा नवा म्हणून रुजू व्हायचो. खुर्चीला माझा आकार आला होता, पण हजेरीपटावर माझं नाव पेन्सिलीनंच होतं. माझी बायको त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि ती कायम आहे. सासूबाई लोकांना ओळख करून द्यायच्या ती अशी: "ही आमची मुलगी, विद्यापीठात कायम आहे. आणि हे जावई." जावई या शब्दानंतर त्या पूर्णविराम द्यायच्या. तो पूर्णविराम मला दर वेळी टोचायचा.

म्हणून साहेब जेव्हा म्हणाले, की पाहुण्यांची व्यवस्था नीट लाव, सुट्टीतल्या अधिवेशनात ती कुलगुरूंना चालवून दाखवू आणि त्याच दिवशी तुला कायम करण्याची फाइल मी त्यांच्या हातात देतो, तेव्हा मी तहानभूक विसरलो.

व्यवस्था अगदी सोपी होती. पाहुण्यानं स्वतःचं नाव भरायचं आणि ज्याच्याकडे आलो त्या आपल्या माणसाचं नाव आणि मोबाइल भरायचा. त्या माणसाच्या फोनवर संदेश जाणार. त्यानं एक दाबला, की पाहुणा दिवसभर आत. दोन दाबला, की पाहुणा बाहेर. उद्या पाहुण्यानं काही उद्योग केले तर जबाबदारी कुणाची, हे स्पष्ट.

साहेबांनी त्यात एक अट घातली. जबाबदारी घेणारा माणूस विद्यापीठात कायमच असला पाहिजे. "कंत्राटी माणूस आज आहे, उद्या नाही. त्याच्या गळ्यात काय बांधणार?" हे साहेब मला सांगत होते आणि मी ते वहीत उतरवून घेत होतो.

कुलगुरूंचा हुकूम होता, की पडद्यावर सगळं आपल्या भाषेत दिसलं पाहिजे. म्हणून माझी वाक्यं भाषा विभागाच्या प्रमुखांकडे गेली. त्यांना सगळे 'शुद्धलेखन' म्हणायचे. मी जबाबदार माणसासाठी 'होस्ट' असा शब्द लिहिला होता. त्यांनी तो झुरळ झटकावं तसा झटकला आणि वर लालनं लिहिलं, 'यजमान'. मी म्हटलं, शब्द भारदस्त आहे. ते म्हणाले, शब्द नेमका आहे. शुद्धलेखन जन्माचे ब्रह्मचारी. नेमका म्हणजे किती नेमका, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

मला मात्र कळायला हवं होतं! पण माझी बायको मला नावानं हाक मारते आणि रागावली की आडनावानं. यजमान वगैरे मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

घरी मी तिला नमुना दाखवला. ती हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, "अरे, हे माझ्या आईच्या हातात दिलंस ना, तर ती सरळ बाबांचं नाव लिहील."

"तुझ्या आईला विद्यापीठात कोण बोलावतंय?"

"शब्द बदल. मी सांगते म्हणून बदल."

मी म्हटलं, तू आपली पुस्तकांवर शिक्के मार. ती माझं आडनाव उच्चारून स्वयंपाकघरात गेली.

आता ते अधिवेशन कुणाचं होतं, ते सांगतो. निवृत्त शिक्षिकांचं. शंभराच्या वर बायका, एकजात माझ्या सासूबाईंच्या वयाच्या.

सभागृहाच्या भिंती जुन्या आणि जाड, आत मोबाइलला रेंज येत नाही. त्यामुळे नोंदणी बाहेर व्हरांड्यात ठेवली होती. साहेबांनी त्या दिवसापुरतं बाकी सगळं वायफाय बंद करायला लावलं होतं, म्हणजे कुलगुरूंना फक्त माझीच करामत दिसावी. मी नवा शर्ट घालून उभा होतो.

पहिल्या बाईंनी चष्मा लावून पडदा वाचला आणि मागच्या बाईंना विचारलं, "यांचं पूर्ण नाव लिहायचं का गं?"

"पूर्णच लिही. खाली मोबाइलही मागितलाय."

"यांचा मोबाइल कशाला?"

"परवानगी घेत असतील."

"इतकी वर्षं कुठे घेतली, ती आता घेऊ!" असं म्हणत त्यांनी नंबर भरला.

मी समोरच उभा होतो. थांबवायला मी हात वर केला, पण तोवर पलीकडच्या टेबलावरही बायका भराभरा भरत सुटल्या होत्या. शिक्षिका त्या. रिकामी जागा दिसली की भरणारच.

आणि गावभरातल्या निवृत्त नवऱ्यांच्या फोनवर माझा संदेश पोचला: 'आपल्या पाहुण्या आमच्या आवारात दाखल झाल्या आहेत. त्यांच्या वर्तनाची जबाबदारी आपण स्वीकारत असल्यास १ दाबा, नसल्यास २ दाबा.'

एका यजमानांनी घाबरून फोन केला आणि विचारलं, की हे कुठलं पोलीस ठाणं आहे आणि तिनं केलं काय. एकांनी कळवलं, की आम्ही अशी जबाबदारी लग्नातही घेतलेली नाही. बऱ्याच जणांनी मुकाट्यानं दोन दाबला. तो किती दिवसांचा राग होता, देव जाणे. पण एक दाबणाऱ्यांचाही काही उपयोग नव्हता, कारण ते विद्यापीठाचे नोकर नव्हते. व्हरांड्यातल्या प्रत्येक बाईच्या पडद्यावर एकच उत्तर उमटलं: 'हे यजमान आमच्या यादीत नाहीत. कृपया दुसरे यजमान निवडा.'

मग गणिताच्या एक बाई म्हणाल्या, की सोय उत्तम आहे, पण जरा उशिरा सुरू केलीत. दुसऱ्या एकींनी यादी तरी दाखवा म्हणून टेबलावर हात आपटला. बाकीच्या मात्र भडकल्या. अधिवेशनाच्या अध्यक्षा पूर्वी कवायत शिकवायच्या. त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि त्यांचा आवाज फाटकापर्यंत गेला.

मी धावत साहेबांकडे गेलो. म्हटलं, आजच्या दिवस यजमानाची अट काढून टाकू. साहेब म्हणाले, कुलगुरू निघालेत, आता काही काढायचं नाही, आणि अट गेली तर जबाबदारी कुणाची? मग त्यांनीच तोडगा काढला. सभागृहाचे शिपाईमामा कायम आहेत ना? घाल सगळ्या त्यांच्या नावावर!

घातल्या. सगळ्या शिक्षिकांचे यजमान म्हणून मी शिपाईमामांचं नाव घातलं. मामांना विचारलं तर ते म्हणाले, माझी काही हरकत नाही. पण त्यांचा जो नंबर आस्थापना विभागात नोंदवलेला होता, तो फोन असायचा घरी, मामींच्या उशाशी. मामींना एकामागून एक संदेश जायला लागले, की अमुक बाईंनी तुम्हाला यजमान म्हणून निवडलं आहे. पहिल्या दोन-तीन मामींनी सोसल्या. मग त्यांनी सभागृहाच्या जुन्या टेलिफोनवर फोन केला. मामांनी रिसीव्हर कानाला लावला, परत ठेवला, टोपी उचलली आणि रजेचा अर्ज न देता घरी गेले. पाठोपाठ सगळ्या शिक्षिकांना एकदम नकार आला. मामी नेटानं दोन दाबत बसल्या होत्या.

अशा थाटात अधिवेशन सुरू झालं.

प्रमुख पाहुण्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. अंगानं किरकोळ, आवाज मऊ, हातात काठी. पुढच्या रांगेत कुलगुरू आणि शेजारी त्यांच्या सौभाग्यवती. साहेब कडेला, मांडीवर माझी फाइल घेऊन. ती हिरवी फाइल मला व्यासपीठावरूनही दिसत होती. माझी बायको पाठीमागे ग्रंथालयाच्या पुस्तकांचं टेबल सांभाळत होती.

मुख्याध्यापिकाबाई माइकसमोर आल्या आणि म्हणाल्या, भाषण मेलमध्ये आहे, जरा उघडून देता का? व्यासपीठावरचा लॅपटॉप मागच्या भल्यामोठ्या पडद्याला जोडलेला होता. मी त्यांचं नाव घातलं. पुढची जागा रिकामी ठेवून पुढे जाऊ पाहिलं. पडद्यावर हातभर उंचीची अक्षरं आली: 'यजमानाशिवाय प्रवेश नाही.'

सभागृहात कुजबुज झाली. बाईंनी मागे वळून वाचलं आणि शांतपणे आपल्या मिस्टरांचं नाव आणि जुना नंबर सांगितला. मी ते घातलं, कारण त्यांना काय सांगावं हे मला सुचेना. पडदा म्हणाला: 'हे यजमान अस्तित्वात नाहीत.'

"नाहीतच," बाई म्हणाल्या. "त्यांना जाऊन पुष्कळ दिवस झाले. पण तुमच्या यंत्राला कुणी कळवलं?"

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. ती अक्षरं माझी होती. मीच ती टेबलाशी बसून, चहा पीत लिहिली होती.

मी साहेबांकडे पाहिलं. ते कायम होते, त्यांचं नाव चाललं असतं. साहेब बुटाची नाडी बांधायला वाकले. मी कुलगुरूंकडे पाहिलं. त्यांनी आधी सौभाग्यवतींकडे पाहिलं आणि मग छताकडे. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी त्या जागेत माझं स्वतःचं नाव घातलं. खरं सांगतो, इतकी वर्षं तिथे काढल्यावर क्षणभर मी विसरूनच गेलो होतो, की मी त्यांचा कुणी नाही.

पडदा विसरला नव्हता. त्यानं सावकाश एकेक अक्षर उमटवलं: 'हे यजमान तात्पुरते आहेत. कृपया कायमस्वरूपी यजमान निवडा.'

बाईंनी वाचलं. काठी टेकवली. म्हणाल्या, "बाळा, जे कायमचे होते, ते तर गेले. आता कायमचा मी कुठून आणू?"

आधी हशा झाला. मग तो विरत गेला आणि बऱ्याच बायकांनी चष्मे काढून पुसले. बाईंनी लॅपटॉप मिटायला सांगितलं आणि त्या नुसत्याच बोलल्या, कागदाशिवाय. काय बोलल्या ते मला धड ऐकूच आलं नाही, माझे कान गरम झाले होते. पण शेवट ऐकला. त्या पुढच्या रांगेकडे वळल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या लोकांत हा एकटा मुलगा माझी जबाबदारी घ्यायला पुढे आला. आणि तुमचं यंत्र म्हणतं, हा तात्पुरता. कुलगुरूसाहेब, आधी याला कायम करा. मग माझा सत्कार करा."

टाळ्यांचा कडकडाट झाला! कवायतीच्या बाई उभ्या राहिल्या, मग सगळ्याच उभ्या राहिल्या. कुलगुरूंनी हसून मान डोलावली. पाठीमागे माझी बायको दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती, आणि मी व्यासपीठावर उभा राहून लहान मुलासारखा रडलो. घरी आल्यावर तिनं आईला फोन केला. सासूबाईंनी "कायम?" असं दोनदा विचारलं आणि फोन मला द्यायला सांगितला. त्या मला 'जावईबापू' म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. हिरवी फाइल टेबलावर होती. साहेब म्हणाले, तू घात केलास.

मी विचारलं, काय केलं?

"बाह्य दबाव आणलास. नोकरीच्या बाबतीत बाहेरच्या माणसाकडून शिफारस आणणं हा गुन्हा आहे. नियमात आहे. आणि तू ती आणलीस कुलगुरूंवर, भर सभेत, माइकवरून."

"साहेब, त्या बाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं."

"बघ! पहिल्याच भेटीत एवढी शिफारस, तर दबाव केवढा असेल!"

मी म्हटलं, तुम्ही स्वतःचं नाव दिलं असतंत तर हे झालंच नसतं. साहेब म्हणाले, मी कायम आहे, मला सांभाळून राहावं लागतं. हे ते अगदी मनापासून म्हणाले. मला त्या माणसाचा तेव्हा जेवढा तिटकारा आला, तेवढा आजवर कुणाचा आला नव्हता.

त्या वर्षी माझं कंत्राट संपलं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी मला नवा म्हणून बोलावलं नाही. शेवटच्या संध्याकाळी मी टेबल आवरत होतो, तेवढ्यात संगणकावरचा माझा प्रवेश आपोआप बंद झाला आणि पडद्यावर आलं: 'आपली मुदत संपली आहे. आपला येथील वेळ आनंदात गेला असेल, अशी आशा आहे. पुन्हा अवश्य या.' वाक्य माझंच होतं. त्यातला 'अवश्य' शुद्धलेखनांनी घातला होता.

यजमान हा शब्द बदलण्यासाठी विद्यापीठानं समिती नेमली. समितीचे अध्यक्ष शुद्धलेखन. शब्द अजून तोच आहे. व्यवस्थाही तीच आहे आणि फार छान चालते. कुलगुरू आता बैठकीत शेवटपर्यंत हलतात.

मी हे इतक्या खात्रीनं सांगतोय, कारण मी रोज तिथे असतो. घरचं इंटरनेट आम्ही बंद केलं. काटकसर करायची तर कात्री आधी बिनकामाच्या माणसाच्या गोष्टीला लागते. नोकरीचे अर्ज तर ऑनलाइनच करावे लागतात. म्हणून सकाळी मी बायकोबरोबर निघतो आणि तिच्या ग्रंथालयात वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बसतो. लॅपटॉप उघडतो. पाहुण्याचे नाव: मी. यजमानाचे नाव: माझी बायको. काउंटरवर तिचा फोन वाजतो. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघते, एक दाबते, आणि मी दिवसभरासाठी आत जातो. सासूबाईंच्या ओळखीतला पूर्णविराम पुन्हा जागेवर आला आहे.

काल एका कारखान्यातून बोलावणं आलं होतं. जागा कंत्राटी होती. मी म्हटलं, आता मेलो तरी कंत्राटी नको, आणि गेलोच नाही. बायकोला ते रात्री जेवताना कळलं. तिनं ताट सरकवलं आणि माझं आडनाव उच्चारलं. आज सकाळी आम्ही एकत्र आलो, पण ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती.

मघाशी मी नेहमीप्रमाणे नाव भरलं. काउंटरवर फोन वाजला. तिनं तो उचलून पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, दाबायचं ते दाबलं आणि पुन्हा पुस्तकांवर शिक्के मारायला लागली. शिक्क्याचा एवढा मोठा आवाज मी त्या ग्रंथालयात कधी ऐकला नव्हता. माझ्या पडद्यावर आलं: 'आपल्या यजमानांनी नकार दिला आहे. कृपया दुसरे यजमान निवडा.'

म्हणून ही हकिकत कागदावर लिहितोय. दुसरे यजमान निवडायची सोय आहे, ती मीच केलेली आहे. पण आमच्या सगळ्या गोतावळ्यात माझ्यासाठी कायम असलेलं माणूस हे एवढं एकच आहे.